घरची भट्टी आणि सरकारी अंमलदार

सणासुदीला किंवा मित्रमंडळींत, वर्षांतून चार-दोन वेळां व्हिस्कीचा किंवा बिअरचा पेला हातीं घेणारा माणूस व्यसनी नसतो आणि जाणकारही नसतो; तो केवळ हौशी असतो. बाटली समोर आली म्हणजे तिच्यावरील चिठ्ठीवर 'सिंगल माल्ट', 'ब्लेंडेड', 'बारा वर्षें' अशीं अक्षरें त्याला दिसतात, आणि हीं चवीचीं वर्णनें असावींत असा त्याचा समज होतो. वस्तुतः त्या शब्दांमागें चवीइतकाच कराचा, कायद्याचा आणि खटल्यांचा इतिहास आहे. जें पेय एके काळीं घरच्या चुलीवर होई, त्यावर राज्याची नजर गेली. चुलीचें आणि खजिन्याचें भांडण पिढ्यान् पिढ्या चाललें. आणि त्या भांडणांतूनच आजची व्हिस्की व आजची बिअर घडली. हा इतिहास जाणणाऱ्या माणसाला पेल्यांतील पदार्थ तर कळतोच, पण कायदा लोकांच्या घरांत शिरतो तेव्हां काय होतें हेंही थोडेंबहुत कळतें.

प्रथम ही वस्तु बनते कशी तें पाहणें अवश्य आहे; कारण पुढील सारे कायदे या कृतीच्या कोणत्या ना कोणत्या पायरीवर बसलेले आहेत. सातूचे दाणे भिजवून त्यांना मोड आणतात. मोड आले म्हणजे दाण्यांतील पिठूळ भागाची साखर करणारें द्रव्य तयार होतें. मग ते दाणे उष्णतेनें वाळवितात. यालाच 'माल्ट' म्हणतात. माल्ट भरडून ऊन पाण्यांत मुरत ठेविला म्हणजे गोड पाणी मिळतें, आणि त्यांत किण्व, म्हणजे यीस्ट, पडलें कीं तें आंबूं लागतें. हेंच गोड पाणी आधीं हॉप नांवाच्या वेलीच्या कडवट फुलांबरोबर उकळून मग आंबविलें, तर बिअर होते. हॉप न घालतां आंबविलें, तांब्याच्या भांड्यांत तापविलें आणि त्याची वाफ नागमोडी नळींतून थंड करून पकडली, तर व्हिस्कीचा आरंभ होतो. मद्यार्क सुमारें ७८ अंशांवर उकळतो आणि पाणी १०० अंशांवर. एवढ्या फरकावर सारी भट्टी चालते. बिअर आणि व्हिस्की या एकाच घरच्या दोघी बहिणी होत.

हें घर आरंभीं खरोखरीचेंच घर होतें. इंग्लंडांत चौदाव्या शतकांत 'एल' नांवाचें हॉप नसलेलें पेय बहुधा स्त्रियाच करीत. भाकरी भाजावी तशी एल आंबवावी, घरांत लागेल तेवढी ठेवावी आणि उरेल ती शेजारीं विकावी, असा हा व्यवहार होता. अशा स्त्रीला 'ब्रूस्टर' असा शब्द होता. तो पुढें आडनांव म्हणून शिल्लक राहिला. एल थोड्याच दिवसांत बिघडे, म्हणून तिचा व्यापार गांवाबाहेर जात नसे. पंधराव्या शतकांत समुद्रापलीकडून हॉपची रीत इंग्लंडांत रुजूं लागली. हॉपमुळें पेय टिकूं लागलें, टिकूं लागलें म्हणून दूरवर नेतां येऊं लागलें, आणि दूरवर नेण्यासाठीं मोठीं पिंपें, मोठीं भांडीं व मोठें भांडवल लागूं लागलें. हळूहळू हा धंदा चुलीपासून कारखान्याकडे आणि बायकांच्या हातून पुरुषांच्या हातीं गेला. मोठा धंदा दिसला म्हणजे कर वसूल करणारा फार दूर नसतो.

स्कॉटलंडांत गोष्ट निराळ्या वाटेनें गेली. तेथील राजाच्या हिशेबवहींत १४९४ सालची एक नोंद आहे. राजाज्ञेवरून फ्रायर जॉन कॉर या धर्मबंधूला 'जीवनजल' करण्यासाठीं आठ 'बोल' माल्ट दिल्याची ती नोंद होय; बोल हें तेथील धान्याचें माप होतें. स्कॉटलंडांतील गाळलेल्या मद्याचा हा सर्वांत जुना लेखी उल्लेख समजला जातो. जीवनजल या अर्थाचा गेलिक भाषेंत जो शब्द आहे त्याचाच अपभ्रंश होऊन 'व्हिस्की' हें नांव झालें. मठांतील ही विद्या पुढें शेतकऱ्यांच्या झोपड्यांपर्यंत पोंचली. उत्तरेकडील डोंगराळ मुलखांत रस्ते नव्हते. सातूचीं पोतीं बाजारांत नेणें कुळाला परवडत नसे. त्याच सातूची व्हिस्की केली म्हणजे ती एका तट्टावर लादून नेतां येई आणि खंडाचे पैसे उभे राहत. उरलेला चोथा हिवाळ्यांत गुरांना घालतां येई. तात्पर्य, घरची भट्टी ही चैनीची वस्तु नसून शेतीचेंच एक अंग होती.

स्कॉटिश पार्लमेंटानें १६४४ सालीं या मद्यावर पहिला कर बसविला. त्या वेळीं सैन्यासाठीं पैसा हवा होता. १७०७ सालीं स्कॉटलंड आणि इंग्लंड यांचें एक राज्य झालें आणि करांची दोरी लंडनच्या हातीं गेली. १७२५ सालीं माल्टवर नवा कर आला तेव्हां ग्लासगो शहरांत दंगल उसळली. कराला अनुकूल असल्याचा ज्याच्यावर लोकांचा संशय होता त्या डॅनियल कँबेल या पार्लमेंटच्या सभासदाचा वाडा जमावानें उध्वस्त केला, आणि सैनिकांच्या गोळीबारांत कित्येक माणसें प्राणांस मुकलीं. कँबेलला नुकसानभरपाई मिळाली व पुढच्याच वर्षीं त्यानें आयले बेट विकत घेतलें. धुराच्या वासाच्या व्हिस्कीसाठीं आज जगभर नांवाजलेलें बेट तें हेंच. दलदलींतील कुजलेल्या वनस्पतींचा थर कापून, वाळवून, 'पीट' या नांवानें तेथें जळणासाठीं वापरीत. त्या जळणावर माल्ट वाळविला म्हणजे त्याचा धूर दाण्यांत उतरतो.

एवढें होऊनही स्वतःच्या सातूची, स्वतःच्या घरापुरती व्हिस्की गाळण्याची मोकळीक शेतकऱ्याला होती. १७८१ सालीं तीही काढून घेण्यांत आली. काल जें घरकाम होतें तें आज गुन्हा ठरलें. भट्टी तीच, सातू तोच आणि गाळणारी माणसेंही तींच. बदलला तो केवळ कायद्याचा शब्द. परिणाम असा झाला कीं, लोकांनीं गाळणें सोडलें नाहीं, लपविणें मात्र शिकलें.

१७८४ सालीं सरकारनें नकाशावर एक रेषा ओढली. रेषेच्या उत्तरेला डोंगरी मुलूख आणि दक्षिणेला सखल मुलूख. दोहोंकडे कराचे नियम निरनिराळे. पुढें सखल भागांत भट्टीच्या भांड्याच्या मापावर वार्षिक आकार बसूं लागला. तेव्हां तेथील कारखानदारांनीं एक युक्ति काढली. त्यांनीं भांडीं उथळ आणि रुंद केलीं, जेणेंकरून एक घाणा कांहीं मिनिटांत उकळून मोकळा व्हावा आणि त्याच आकारांत दिवसाला कितीतरी घाणे निघावेत. माल पुष्कळ निघाला, पण तो तिखट व ओबडधोबड निघाला. उलट डोंगरांतला चोरटा गाळणारा लहान भांड्यांत, मंद आंचेवर, सवडीनें काम करी. यामुळें विलक्षण स्थिति उत्पन्न झाली. कायदेशीर व्हिस्की निकृष्ट आणि बेकायदा व्हिस्की उत्तम, असें शहरांतील प्रतिष्ठित गृहस्थही उघड बोलूं लागले. कर कसा बसविला यावरून पेयाची चव कशी ठरते, याचें याहून स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण.

या काळाची विसंगति एकाच माणसाच्या आयुष्यांत पाहावयाची असेल तर ती रॉबर्ट बर्न्स या कवीच्या आयुष्यांत दिसते. व्हिस्कीची स्तुति करणारी कविता त्यानें लिहिली. आणि शेती तोट्यांत गेल्यामुळें १७८९ पासून १७९६ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्यानें आबकारी खात्यांत नोकरी केली. ज्या भट्ट्यांचें त्याला प्रेम, त्याच शोधून काढण्याचा त्याला पगार मिळे. सैतान अंमलदाराला उचलून नेतो असें गमतीचें गाणेंही याच अंमलदारानें लिहिलें आहे.

अखेरीस सरकारलाच कळून चुकलें कीं, जो कायदा साऱ्या मुलखाला गुन्हेगार ठरवितो तो चालवितां येत नाहीं. १८२२ सालीं चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला आला तेव्हां त्यानें ग्लेनलिव्हेटची व्हिस्की मागितली. ग्लेनलिव्हेट खोऱ्यांतील ती व्हिस्की म्हणजे कर चुकवून केलेला माल होता. खुद्द राजाच्या पेल्यांत चोरटा माल! दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १८२३ सालीं, नवा आबकारी कायदा झाला. कर निम्म्याहून अधिक उतरला. दहा पौंड भरून कोणालाही परवाना घेतां येऊं लागला. आणि ४० गॅलनांपर्यंतचीं लहान भांडींही कायद्यांत बसूं लागलीं.

ग्लेनलिव्हेट खोऱ्यांत पहिला परवाना १८२४ सालीं जॉर्ज स्मिथ या शेतकऱ्यानें घेतला. शेजाऱ्यांना हा फितुरीचा प्रकार वाटला, आणि भट्टीसकट त्याला जाळून टाकण्याच्या धमक्या आल्या. जवळच्या एका जहागीरदारानें त्याला दोन पिस्तुलें दिलीं. तीं कमरेला लावून तो कित्येक वर्षें वावरत असे. तथापि दिवस स्मिथच्या बाजूचे होते. १८२३ सालीं स्कॉटलंडांत बेकायदा गाळपाचीं सुमारें १४,००० प्रकरणें उघडकीस आलीं होतीं. १८३४ सालीं ती संख्या ६९२ वर आली. चाळीस वर्षें शिपाई, दंड आणि तुरुंग यांनीं जें साधलें नव्हतें, तें कराचा आंकडा उतरतांच दहा-बारा वर्षांत साधलें.

यानंतर व्हिस्कीचा इतिहास कारखान्याचा होतो. १८३० सालीं एनियस कॉफी यानें अखंड चालणाऱ्या उभ्या यंत्रभट्टीचा हक्क मिळविला. गंमत अशी कीं, हा कॉफी आयर्लंडांतील आबकारी खात्याचा निवृत्त बडा अधिकारी होता. त्याच्या यंत्रांतून मका, गहूं इत्यादि धान्यांची स्वस्त, सौम्य दारू भरपूर निघूं लागली. १८६० च्या कायद्यानें सरकारी कुलपाखालील वखारींत, कर भरण्यापूर्वींच, ही धान्याची व्हिस्की माल्टच्या व्हिस्कींत मिसळण्यास मुभा दिली. यांतून 'ब्लेंडेड', म्हणजे मिश्र, व्हिस्की जन्मास आली आणि तिनें जग जिंकलें. मग प्रश्न निघाला कीं, यंत्रांतील दारूला व्हिस्की म्हणावें काय? त्यासाठीं शाही चौकशी मंडळ नेमलें गेलें आणि १९०९ सालीं त्यानें निकाल दिला कीं, दोन्हीही व्हिस्कीच होत. पहिल्या महायुद्धांत मद्यपानाला आळा घालण्याच्या हेतूनें १९१५ सालीं कच्ची दारू विकण्यास मनाई झाली. पिंपांत निदान दोन वर्षें, आणि १९१६ पासून तीन वर्षें, मुरल्यावांचून व्हिस्की विकतां येईना. संयमासाठीं केलेल्या कायद्यानें व्हिस्की अधिक चांगली झाली, हा या इतिहासांतील आणखी एक विनोद.

आतां हौशी माणसानें ती चिठ्ठी पुनः वाचावी. 'सिंगल माल्ट' म्हणजे एकाच कारखान्यांत, केवळ सातूच्या माल्टपासून, भांड्याच्या भट्टींत गाळलेली. म्हणजे जॉर्ज स्मिथची परंपरा. 'ब्लेंडेड' म्हणजे तिच्यांत कॉफीच्या वळणाच्या यंत्रांतील धान्याची व्हिस्की मिसळलेली. 'बारा वर्षें' म्हणजे बाटलींतील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीनेंही बारा वर्षें पिंपांत काढलेलीं आहेत. चिठ्ठीवरील एकेक शब्द म्हणजे मिटलेल्या एकेका तंट्याचा निवाडा होय.

धाकट्या बहिणीची, म्हणजे बिअरची, कथा मात्र घरापाशींच परत येते. इंग्लंडांत १८८० सालीं ग्लॅडस्टननें माल्टवरील कर काढून तयार बिअरवर कर बसविला, आणि घरीं बिअर करणाऱ्यालाही परवाना घेणें भाग पडलें. हा परवाना १९६३ सालीं रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्यानें रद्द केला. स्वतःच्या घरापुरती बिअर करावयास कोणाची परवानगी उरली नाहीं. अमेरिकेंत १९२० ते १९३३ पर्यंत दारूबंदी होती. ती उठली तेव्हां घरीं द्राक्षासव करण्यास मोकळीक मिळाली, पण बिअरचें नांव कायद्यांत आलें नाहीं. ही त्रुटि दूर होण्यास पंचेचाळीस वर्षें लागलीं. १४ ऑक्टोबर १९७८ रोजीं अध्यक्ष कार्टर यांनीं सही केलेल्या कायद्यानें एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करण्याची मुभा दिली. भट्टी लावून गाळण्याची मुभा मात्र त्यांत नव्हती.

त्या वेळीं अमेरिकेंत बिअरचे कारखाने शंभराहूनही कमी उरले होते आणि त्यांची बिअर जवळजवळ एकाच चवीची झाली होती. जॅक मॅकॉलिफ हा अमेरिकन नौदलाचा तंत्रज्ञ स्कॉटलंडांत नेमणुकीवर असतांना तेथील बिअरच्या प्रेमांत पडला आणि घरीं बिअर करावयास शिकला. परतल्यावर त्यानें १९७६ सालीं कॅलिफोर्नियांतील सोनोमा येथें 'न्यू आल्बियन' हा छोटासा कारखाना काढला. तो १९८२ सालीं बंद पडला, पण वाट पडून गेली. केन ग्रॉसमन हा चिको गांवीं घरगुती बिअरचें साहित्य विकणारा तरुण दुकानदार. त्यानें 'सिएरा नेवाडा' कारखान्याची पहिली बिअर १९८० सालीं काढली. हौशी लोकांच्या घरांतून निघालेल्या या धंद्याला पुढें 'क्राफ्ट बिअर' असें नांव पडलें. आज अमेरिकेंतील बिअरच्या कारखान्यांची संख्या हजारांनीं मोजावी लागते. इंग्लंडांत तर १९७१ सालीं चौघां मित्रांनीं सुरू केलेल्या चळवळीनें पिंपांत जिवंत राहणारी जुनी एल नाहींशी होतां होतां वांचविली.

या साऱ्या गोष्टी दूरदेशींच्या असल्या, तरी त्यांचा एक धागा ठाणें व कुलाबा जिल्ह्यांच्या रानांतून गेलेला आहे. ज्या राज्यानें स्कॉटलंडांत १८२३ सालीं धडा घेतला, त्याच राज्यानें मुंबई इलाख्यांत १८७८ सालीं आबकारी कायदा केला. गांवोगांवच्या लहान भट्ट्या बंद झाल्या, मक्ते दिले गेले आणि उरणच्या मोठ्या भट्ट्यांचा माल दुकानांतून विकला जाऊं लागला. मोहाचीं फुलें हें रानांतील गरिबांचें अन्नही होतें आणि पेयही. १८९२ सालीं खास मोहाचा कायदा होऊन या दोन जिल्ह्यांत तीं फुलें बाळगण्यावर व त्यांच्या व्यापारावरच निर्बंध आले. भट्टी सांपडत नाहीं म्हणून फूलच गुन्ह्यांत धरलें गेलें. स्कॉटिश कुळाला दहा पौंडांचें दार तरी उघडून दिलें होतें. वारल्याला, कातकऱ्याला तसें दार कोणीं उघडलें नाहीं. त्याला जॉर्ज स्मिथ होतां आलें नाहीं. तो एक तर गिऱ्हाईक झाला, नाहीं तर आरोपी.

दारूनें गरिबांच्या संसारांची केलेली धूळधाण महाराष्ट्रानें पाहिली आहे, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामागें ती खरी कळकळ होती. परवान्यावांचून मद्य बनविणें हा त्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. म्हणून विलायती गृहस्थाचा घरगुती छंद येथें जसाच्या तसा आणतां येत नाहीं, हें ध्यानांत ठेवणें इष्ट. तथापि इकडेही लहान कारागिराला थोडीफार जागा झाली आहे. गोव्यांत काजूच्या बोंडांचा रस आंबवून, भट्टींत गाळून होणाऱ्या फेणीला २००९ सालीं भौगोलिक निर्देशाची नोंद मिळाली. आणि त्याच वर्षीं पुण्यास, जागेवरच बिअर करून देणारी छोटी परवानेदार भट्टी सुरू झाली.

इंग्लंडांतील एखादा हौशी गृहस्थ आज शनिवारीं दुपारीं स्वैंपाकघरांत माल्ट शिजवितो. भांडीं कसून धुतो, कारण एवढ्याशा अस्वच्छतेनें सारा घाणा आंबट होतो. मग कांचेची एक नळी त्या गोड पाण्यांत सोडतो. ती किती बुडते यावरून साखर किती आहे हें कळतें, आणि आंबून झाल्यावर पुनः पाहिलें म्हणजे मद्यार्क किती झाला याचा हिशेब लागतो. याच जातीचें पितळी उपकरण १८१६ सालीं कायद्यानें ब्रिटिश आबकारी खात्याच्या हातीं दिलें होतें. साइक्सचा मापक या नांवानें तें ओळखलें जाई, आणि मद्याची तीव्रता मोजून कर ठरविण्यासाठीं अंमलदार तें बरोबर बाळगीत. ज्या तऱ्हेच्या मापानें एके काळीं चुलीवर पाळत राहिली, तें माप आतां चुलीशेजारच्या फळीवर मीठ-मिरीच्या बरण्यांलगत उभें असतें. पंधरा-वीस दिवसांनीं तो गृहस्थ दोन बाटल्या शेजाऱ्याला नेऊन देतो. विकण्याची त्याला परवानगी नाहीं. वाटण्याला मात्र कोणाची आडकाठी नाहीं.